हॉट हॅचबद्दलची मतं: कोणती विरतात, कोणती वाढत जातात

प्रश्न असा आहे: होंडाच्या सिव्हिक टाइप आरची नवी पिढी (सांकेतिक नाव एफएल५) पाहून मित्रांमध्ये दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, आधीच्या पिढीतला (एफके८) रुबाब गेला, ही साध्या सिव्हिकसारखी दिसते. दुसऱ्याचं म्हणणं, गाडी आता कुठे वयात आली. त्यातच फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयच्या स्क्रीनवरून आणि तिचा मॅन्युअल गिअरबॉक्स बंद झाल्यावरून वेगळी वादावादी. गाडी घ्यायचा विचार असेल, तर दिसण्यावरच्या आणि फीचर्सवरच्या या मतांना किती किंमत द्यायची?

मी पंचवीस वर्षं अशा गाड्यांच्या सस्पेन्शनवर आणि ब्रेकवर काम करतो आहे, ट्रॅकवर शेजारी बसून चालवायला शिकवतोही. एवढ्या काळात माझी एक चाळणी तयार झाली आहे आणि प्रत्येक नव्या हॉट हॅचला, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या हॅचबॅकला, मी तीच लावतो. काही मतं गाडी दारात आल्यावर पाच-सहा महिन्यांत विरून जातात, मालकाला ती आठवतही नाहीत. काही मात्र दर आठवड्याला थोडी थोडी चढत जातात आणि शेवटी त्यांच्यापायी गाडी विकली जाते. दिसण्यावरची बहुतेक मतं पहिल्या जातीची. हाताला, पायाला आणि पाठीला जे जाणवतं त्यावरची दुसऱ्या जातीची. फोटो पाहून जी भांडणं होतात त्यांत ही दुसरी जात येतच नाही, कारण ती फोटोत दिसत नाही.

आधी चेहऱ्याचं बोलू. २०१७ ची एफके८ आली तेव्हा तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. जागोजागी धारा, कोपरे, चाकांवर वेगळ्या जोडलेल्या कडा, मागे मोठा पंख, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत काळी जाळी. दिसायला फार आरडाओरडा करते, हे मत तेव्हा माझंही होतं. ते विरलं. माझ्याकडे ज्यांच्या एफके८ नियमित येतात त्यांतल्या एकालाही आता तिच्या चेहऱ्यावर बोलताना मी ऐकत नाही. ते बोलतात टायरवर, गिअर टाकताना हाताला येणाऱ्या त्या घट्ट, आखूड खटक्यावर आणि खराब रस्त्यावर पाठीला बसणाऱ्या हादऱ्यांवर.

पण तिच्यावरच्या टीकेतला एक भाग मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. ती काळी जाळी बऱ्याच ठिकाणी बंद होती, मागे आरपार वाट नव्हती. खोट्या जाळीचा मला राग येतो आणि त्याचा आवडीनिवडीशी संबंध नाही. बंपरच्या कोपऱ्यातलं भोक हे ब्रेकला हवा देण्याची जागा असतं. तिथे जाळी दिसली की माणूस तसं गृहीत धरतो. काही वर्षांपूर्वी ट्रॅकवर एकाला शिकवत होतो, गाडी दुसऱ्याच एका कंपनीची. चौथ्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही. पिटमध्ये येऊन आम्ही टॉर्च घेऊन खाली वाकलो, तर त्या रुबाबदार जाळीमागे प्लॅस्टिकची भिंत. ब्रेकला बाहेरची थंड हवा जवळजवळ मिळतच नव्हती. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ते हवेतला ओलावा शोषत जातं आणि ओलावा धरलेल्या ऑइलसाठी तो किमान आकडा १५५ वर येतो. त्याच्या वर उष्णता गेली की ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचं पेडल रिकामं लागतं. म्हणून ‘खोट्या जाळ्या नकोत’ हे मत कुणी मांडलं की मी त्याच्या बाजूने उभा राहतो. मोबाइलचा टॉर्च जाळीत मारून पाहायला एक मिनिट लागतं, शोरूममध्ये ते नक्की करा.

ग्रिल मोठं झालं, या तक्रारीबद्दल मात्र सबुरी हवी. पहिल्या एफके८ गाड्या ट्रॅकवर जोरात चालवल्या की पाणी तापायचं. २०२० च्या सुधारणेत होंडाने वरच्या ग्रिलची उघडी जागा १३ टक्क्यांनी वाढवली, रेडिएटरही सुधारला आणि कठीण परिस्थितीत कूलंटचं तापमान १० अंशांपर्यंत खाली आणलं. चेहरा बदलला तो एवढ्यासाठी. दोन लिटरच्या इंजिनातून ३२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) काढायचे म्हणजे तेवढी उष्णता कुठून तरी बाहेर काढावी लागतेच. मोठं तोंड आणि त्यामागे खरोखर रेडिएटर असेल, तर मला ते सुंदर वाटतं. खरंच सुंदर वाटतं.

या नजरेने पाहिलं तर एफएल५ साधी झाली हे म्हणणं टिकत नाही. बॉनेटवरची खाच उघडी आहे; रेडिएटरमधून गेलेली हवा तिथून वर निघून जाते आणि पुढच्या चाकांवरचा उचल, म्हणजे गाडीला वर उचलणारा हवेचा जोर, कमी होतो. पुढच्या चाकांमागची फट चाकाच्या कमानीत अडकलेली हवा बाहेर ओढते. एफके८ मध्ये चाकांवर वेगळी कड जोडली होती. इथे फेंडरच रुंद घडवले आणि त्यांच्याशी जुळावेत म्हणून मागचे दरवाजे या मॉडेलसाठी वेगळे केले. मोटारीच्या धंद्यात नवा दरवाजा म्हणजे नवे साचे, प्रचंड खर्चाचं काम. एखादी कंपनी तो खर्च करते आणि तुम्हाला त्यात ‘काहीच वेगळं’ दिसत नाही, तेव्हा कारागिरी जमली असं मी समजतो. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय आठवा. ग्रिलभोवती लाल रेघ, चौकटीच्या कापडाच्या सीट, गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ, अशा मोजक्या खुणा आणि आत १.६ लिटरचं ११० पीएसचं इंजिन. हॉट हॅचची ओळख तिथून रुजली, आणि ती शांत गाडी होती.

मागच्या पंखावर फार वाद होतात म्हणून थोडंसं. हॅचबॅकची पाठ सरळ तुटलेली असते, त्यामुळे छतावरून आलेली हवा मागे गोंधळ घालते. मागची काच सतत धुळीने माखते ती यामुळेच, आणि म्हणून हॅचबॅकला मागे वायपर लागतो. छताच्या टोकाचा स्पॉयलर किंवा त्यामागचा पंख ही हवा नीट सोडवतो आणि मागच्या चाकांवरचा उचल कमी करतो. पण हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १५० किलोमीटरला जो जोर मिळतो त्याचा नववा हिस्सा ५० ला. त्यामुळे शहरात पंख निरुपयोगी आहे हे म्हणणारा बरोबर, आणि ट्रॅकवर तो हवाच हे म्हणणाराही बरोबर. तुम्ही कुठे चालवणार ते तुम्हाला माहीत आहे. फक्त मागच्या आरशात पाहताना पंखाची आडवी पट्टी मागच्या गाडीचे दिवे झाकते का, तेवढं बसून बघा. ही तक्रार वाढत जाणारी आहे.

आता माझ्या कामाचा विषय, चाकं. नव्या गाडीच्या फोटोखाली ‘रिम लहान वाटतं’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि त्या मताने कंपन्यांचं आणि गिऱ्हाइकांचं मिळून जितकं नुकसान केलंय तितकं दुसऱ्या कुठल्याच मताने केलं नसेल. एफके८ वर २० इंची रिम आणि २४५/३० चा टायर होता. एफएल५ वर रिम १९ इंचांवर उतरवलं आणि टायर २६५/३० केला. आकडेमोड करून बघा. टायरची भिंत म्हणजे रुंदीच्या तीस टक्के: आधी साडेत्र्याहत्तर मिलिमीटर, आता साडेएकोणऐंशी. सहा मिलिमीटर जास्त रबर आणि हवा खड्डा आणि रिम यांच्यामध्ये आली, शिवाय जमिनीवर वीस मिलिमीटर रुंद पट्टा मिळाला. फोटोत रिम लहान झालं. रस्त्यावर पकड वाढली आणि रिम वाकायची भीती कमी झाली. चाक, टायर, ब्रेक यांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जास्त, तितकं चाक उंचवट्यावर उडतं आणि परत जमिनीला टेकायला उशीर लावतं. चाक हवेत असताना पकड शून्य. माझ्याकडे जेवढ्या वाकलेल्या रिमा आल्या त्यांतल्या बहुतेक दिसायला छान म्हणून नंतर बसवलेल्या मोठ्या रिमा होत्या. गाडी एक इंच लहान रिममध्ये मिळत असेल आणि पुढचे ब्रेक त्यात बसत असतील, तर मी डोळे झाकून लहान घेईन.

ताकदीच्या आकड्यावरून होणारा वाद मी लवकर संपवतो. एफके८ चे ३२०, एफएल५ चे युरोपात ३२९. या नऊ पीएसवर कुणी रात्र जागवू नये. प्रश्न असतो ती ताकद पुढच्या दोन चाकांनी जमिनीवर कशी उतरवली याचा. पुढची चाकं ओढतातही आणि वळतातही. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष आणि चाकाचा मध्य यांत अंतर असतं. डाव्या-उजव्या चाकाला मिळणारी ओढ सारखी नसली की त्या अंतराचा तरफेसारखा उपयोग होतो आणि स्टिअरिंग हातातून हिसका मारतं. यालाच टॉर्क स्टिअर म्हणतात. टाइप आरच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये वळण्याचा अक्ष स्ट्रटपासून (स्प्रिंग आणि डँपरचा उभा खांब) वेगळा काढून चाकाच्या जवळ नेला आहे. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये आणि रेनॉने मेगान आरएसमध्ये याच दुखण्यावर असाच इलाज केला होता. जोडीला यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल असलं की वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत राहत नाही, गाडी बाहेर सरकण्याऐवजी आत ओढली जाते. माहितीपत्रकात ही दोन वाक्यं शेवटच्या पानावर असतात. मी ते पान आधी वाचतो.

बटणांकडे येऊ, कारण वाढत जाणाऱ्या मतांचा राजा हाच आहे. २०२० ची आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय चालवायला मला मनापासून आवडते. तिचं पुढचं टोक चपळ आहे, रोज वापरायला इतकी गुणी गाडी मिळणं कठीण. पण आवाज आणि तापमान बदलायला तिच्यात स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या आणि त्यांना रात्री उजेडच नव्हता. महागड्या आवृत्त्यांमध्ये स्टिअरिंगवरची बटणंही स्पर्शाची. वळणावर तळवा लागला की काहीतरी चालू व्हायचं. पहिल्या दिवशी हे नवलाईचं वाटतं. दोनशेव्या दिवशी ओल्या रात्री काचेवर बाष्प धरलेलं असताना अंधारात पट्टी चाचपायची वेळ येते, आणि तेव्हा ते नवलाईचं राहत नाही. खऱ्या बटणाला बोट आपोआप सापडतं, ते दाबलं गेल्याचं बोटाला कळतं, नजर रस्त्यावरच राहते. हॉट हॅचमध्ये याला दुप्पट महत्त्व आहे, कारण ही गाडी आपण वळणाच्या रस्त्यावर आणि जरा वेगात चालवायला घेतो. उत्साही लोकांनी इथे आवाज उठवला आणि तो ऐकला गेला. फोक्सवॅगन ब्रँडचे प्रमुख थोमास शेफर यांनी स्टिअरिंगवर खरी बटणं परत आणण्याचं जाहीर केलं; २०२४ च्या सुधारित गाडीत ती आली, पट्ट्यांनाही उजेड मिळाला. एफएल५ मध्ये हवेच्या नियंत्रणाला गोल फिरवायच्या खटकेदार मुठी आहेत. तिच्याविषयीच्या चर्चेत मला ही गोष्ट पंखाच्या दहापट तरी यायला हवी होती.

२०२४ च्या त्याच सुधारणेत जीटीआयचा मॅन्युअल गिअरबॉक्स मात्र गेला. इथे माझं मत स्पष्ट आहे आणि मी ते लपवत नाही: मला वाईट वाटलं. दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स वेगवान आहे, गर्दीत सुखाचा आहे, घड्याळ लावलं तर तोच जिंकतो. पण या गाड्यांचा आनंद मध्यम वेगातला आहे, आणि त्या वेगात हातापायांना काम असणं हाच निम्मा आनंद. तरीही मॅन्युअल आहे म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. जोरात ब्रेक दाबलेला असताना ब्रेकचं पेडल आणि अॅक्सिलरेटर एका पातळीत येतात का ते पाहा. तेव्हाच बोटांनी ब्रेक धरून पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टिचकी मारता येते आणि खालचा गिअर धक्का न देता बसतो. नव्या टाइप आरमध्ये गाडी ही टिचकी स्वतः देते आणि ती सोय बंदही करता येते. शिकणाऱ्याला मी महिनाभर ती चालू ठेवून मग बंद करायला सांगतो.

बसण्याची उंची हा आणखी एक विषय फोटोत कधीच येत नाही. टोयोटा जीआर यारिस २०२० मध्ये आली तेव्हा सगळे तिच्या रॅलीच्या वारशावर, कार्बन फायबरच्या छतावर, तीन सिलिंडरच्या १.६ लिटर इंजिनावर बोलत होते, आणि ते रास्तच होतं. पण चालवून उतरलेला प्रत्येक जण म्हणायचा, सीट उंच आहे. खुर्चीत बसल्यासारखं वाटतं, गाडीत बसल्यासारखं वाटत नाही. २०२४ च्या सुधारणेत टोयोटाने चालकाची बैठक २५ मिलिमीटर खाली घेतली, समोरच्या डॅशबोर्डचा माथा कमी केला आणि नियंत्रणं चालकाकडे १५ अंशांनी वळवली. दिसायला तो डॅशबोर्ड ओबडधोबड आहे, फोटोवर नाराजीही झाली. माझ्या मते गेल्या काही वर्षांत हॉट हॅचच्या आतल्या भागात झालेलं ते सर्वांत प्रामाणिक काम आहे.

मोड्सबद्दल एकच सांगतो. एफके८ मध्ये कम्फर्ट, स्पोर्ट आणि +आर असे तीन ठरलेले संच होते. इंजिन तिखट हवं पण सस्पेन्शन मऊ हवं, असं मागता यायचं नाही. खराब पण वळणदार रस्त्यावर नेमकं तेच लागतं. एफएल५ मध्ये इंडिव्हिज्युअल मोड आला आणि ते मिळालं. मऊ डँपर (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) म्हणजे हळू गाडी हा समज सोडून द्या. ओबडधोबड रस्त्यावर मऊ डँपरची गाडी जास्त वेगात जाते, कारण चाक जमिनीवर टिकतं.

आवाज कमी झाला ही तक्रार खरी आहे. युरोपात पेट्रोल गाड्यांना एक्झॉस्टमध्ये कणांची गाळणी बसू लागल्यापासून मूळ आवाज दबला, आणि काही कंपन्या ती उणीव आत स्पीकरमधून भरून काढतात. स्पीकरचा आवाज बंद करता येतो का, ते विचारून घ्या. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा आहे आणि गाडी सुरू केली की तो दर वेळी पुन्हा चालू होतो. त्यासाठी एखाद्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तो बंद करायला एक बटण पुरतं की स्क्रीनच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात, हे मात्र कंपनीच्या हातात असतं.

वजनावरची हळहळ मला सर्वांत जवळची. ती पहिली जीटीआय ८१० किलोच्या आसपास होती, एफएल५ चौदाशेच्या वर जाते. त्यातलं बरंचसं वजन अपघातात माणूस वाचावा म्हणून आलं आहे, आणि ते परत देऊन टाका असं मी म्हणणार नाही. १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय मी चालवली आहे. तिच्याइतकं बोलकं स्टिअरिंग आता मिळत नाही, पण ओल्या वळणावर घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर तिची मागची बाजू निघून जायची आणि सावरायला कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. वजन नव्या गाडीत जाणवतं ते ब्रेकच्या आणि टायरच्या बिलात. दर वर्षी ट्रॅकवर जाणार असाल तर हिशेबात ते आधीच धरा.

तर टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा शक्यतो संध्याकाळ मागा, अंधार पडण्याच्या बेताला. बसल्यावर इंजिन सुरू करण्याआधी डोळे मिटून आवाज, तापमान आणि पुढच्या काचेचं बाष्प घालवायचं बटण शोधा. मग खराब रस्ता निवडा. गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच हॉट हॅच चांगल्या वाटतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर तळापर्यंत न्या, स्टिअरिंग दोन्ही हातांत पण सैल धरा, आणि ते कुठल्या बाजूला ओढतं ते पाहा. परत येताना सर्वांत मऊ मोडमध्ये या, कारण वर्षातले बहुतेक दिवस गाडी त्याच मोडमध्ये चालणार आहे.

तुमच्या दोन तटांत मी एफएल५ च्या बाजूचा, वर सांगितलेल्या टायरसाठी, मुठींसाठी आणि त्या एका मोडसाठी. एफके८ चांगल्या स्थितीत मिळत असेल आणि तिचा चेहरा तुम्हाला आवडत असेल तर तीही घ्या, शक्यतो २०२० नंतरची. दोन्हींपैकी कुठलीही घेण्याआधी मागचा दरवाजा उघडून पाहा. दोन्ही चारच माणसांच्या गाड्या आहेत; एफएल५ मध्ये मागच्या सीटच्या मध्ये पेले ठेवायची जागा आहे. घरात पाच जण असतील तर तो वाद आधी घरी मिटवा.